दुपारी दोनची नोंद

कोरा रकाना पाहिला की ज्याचा हात आपोआप पेनाकडे जातो असा माणूस या पृथ्वीवर एकच जन्माला आला आणि तो नेमका भिलाईत, सेक्टर दोनमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आला, असं माझं ठाम मत आहे. शेजारचे काका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होते. कोक ओव्हनच्या भट्ट्यांचं तापमान पाहायचं आणि लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. लॉगबुकाचे नियम चार. रकाना कोरा सोडायचा नाही. आकडा घेता आला नाही तर का घेता आला नाही ते त्याच रकान्यात लिहायचं. चुकलं तर गिरवागिरव करायची नाही. एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं. आणि नक्कल करायची झाली तर जशीच्या तशी करायची, आपली अक्कल घालायची नाही. बाकीची माणसं हे नियम संध्याकाळी प्लांटच्या गेटवर सोडून घरी यायची. काकांनी ते घरी आणले, आणि घरात मावेनात तेव्हा भिंतीवरून आमच्याकडे टाकले.

एकदा सिविक सेंटरच्या बँकेत मी त्यांच्यासोबत गेले होते. एका साध्या फॉर्मवर आमचा अख्खा दिवस गेला. ‘नॉमिनी लहान असल्यास पालकाचं नाव’ असा एक रकाना होता. जगातला प्रत्येक माणूस तो सोडून पुढे जातो. काकांनी तिथे बारीक अक्षरात लिहिलं, ‘लहान नाही. माझ्याहून चारच वर्षांनी लहान.’ काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत केला. काकांनी त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि वर लिहिलं, ‘हा प्रश्न माझ्या बायकोला लागू नाही.’ फॉर्म पुन्हा परत आला. शेवटी मॅनेजर बाहेर आले, त्यांनी हात जोडले आणि फॉर्म ठेवून घेतला. घरी येताना ऑटोत काका म्हणाले, “कोरा ठेवला असता तर उद्या कोणीबी त्यात काहीबी लिहिलं असतं. मंग?” 

मी सहावीत असताना गणिताचं एक उदाहरण सोडलेलं त्यांना दिसलं. “पोरी, हे कोरं कावून ठेवलं व?” मी म्हटलं, येत नाही. “येत नाही तर तसं लिही. अन् कावून येत नाही ते बी लिही.” मग मी त्यांच्या देखरेखीखाली लिहिलं, ‘उत्तर येत नाही. कारण: रविवारी मावशीकडे कुम्हारीला गेले होते, पुस्तक घरीच राहिलं.’ बाईंनी त्या कारणाला अर्धा मार्क दिला. माझ्या शालेय जीवनात प्रामाणिकपणाला मिळालेला तो एकमेव मार्क.

बोलण्यातही त्यांचं लॉगबुक चालू असायचं. जीभ घसरली की ते ‘नाही नाही’ किंवा ‘म्हणजे’ असलं काही म्हणत नसत. “मंगळवारी दुर्गला जातो... खोडलं... बुधवारी जातो.” हे ‘खोडलं’ इतक्या सहज यायचं की नवख्या माणसाला वाटायचं, दुर्गजवळ खोडलं नावाचं एखादं गाव असावं. माझ्या आईशी भाजीच्या भावावरून बोलताना एका वाक्यात चारदा खोडलं आलेलं मी ऐकलेलं आहे. पण एकदा बोललेलं ते कधी नाकारत नसत. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

आणि काकू? काकू या सगळ्याला पुरून उरलेल्या. गोंदियाकडच्या खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, हसऱ्या, उंच, आणि हट्टाला काकांपेक्षा दोन आणे जास्तच. क्वार्टर मिळालं तेव्हा पुढच्या आंगणात गवताची काडी नव्हती. काकूंना नालीच्या कडेला कडुनिंबाचं वीतभर रोप दिसलं. ते त्यांनी उपटून आणून वरांड्यासमोर लावलं आणि जाहीर केलं, “हे झाड मोठं होऊ द्या, तुमच्या कूलरले कोणी पुसणार नाही. वरांडा असा थंड होईन, का पाहातच राहाल.” काका भट्टीजवळ उभं राहून आलेले. उष्णतेबद्दल कोणी बाईमाणसाने अंदाजपंचे बोलावं हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. “थंड म्हंजे किती थंड? आकडा सांग.” काकू म्हणाल्या, “आकडा तुम्ही मोजा.” झालं. भांडण मिटवण्याची तीच एक पद्धत काकांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन थर्मामीटर आणले. एक पुढच्या वरांड्यात, झाडाकडे तोंड करून. दुसरा मागच्या आंगणात, तसल्याच भिंतीवर, तेवढ्याच उंचीवर, जिथे झाड नव्हतं आणि लावायचंही नव्हतं. झाडाने काही फरक पडत असेल तर दोन पाऱ्यांत तो दिसेल. वही आली, रकाने आखले गेले. वेळा प्लांटच्या शिफ्ट बदलण्याच्या: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

हा खटला बावीस वर्षं चालला. काका कामावर असले की नोंद काकूंनी घ्यायची. काकांचे आकडे इंग्रजी आणि दशांशासह, 38.6, 41.2. काकूंचे मराठी आणि पूर्ण, ३९, ४१. “पॉइंट कुठी गेला?” असं काका ओरडायचे. “पॉइंट तुमच्या भट्टीले लागते, माह्या झाडाले नाही लागत,” असं आतून उत्तर यायचं. लॉगबुकाचा नियम काकूंनाही लागू होताच. त्यामुळे वहीच्या रकान्यांत आकड्यांच्या जोडीला एक वेगळंच वाङ्मय तयार झालं. काकांच्या अक्षरात: ‘पाहिलं नाही. साडूच्या मुलीचं लग्न.’ ‘थर्मामीटरवर सरडा. उठवला, उठला नाही.’ ‘44.1, पण विश्वास नाही.’ काकूंच्या अक्षरात: ‘भाजी करपत होती.’ ‘आज तुम्हीच पाहा.’ आणि एका दिवशी तिन्ही वेळांना, पुढे आणि मागे, सहाही रकान्यांत एकच शब्द: ‘भांडण.’

दरवर्षी पावसाच्या तोंडाशी काकू विचारायच्या, “मंग? काय निघालं?” दरवर्षी काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “डेटा अपुरा आहे.” आम्ही मुलंही पुढे ते वाक्य वापरायला लागलो. जेवायला बसायचं का? डेटा अपुरा आहे. काकू हसायच्या. झाड मात्र वाढत होतं. त्याच्या सावलीत आमचा अर्धा वरांडाही फुकट थंड होत होता.

दोन वर्षांपूर्वी, काका रिटायर झाले त्याच वर्षी, काकू गेल्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या. त्या आठ दिवसांच्या रकान्यांत काकांनी रोज लिहिलं आहे, ‘पाहिलं नाही. दवाखाना.’ नवव्या दिवशी काहीच कारण न देता सकाळी सहाचा आकडा आहे. त्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले तर काका उंबऱ्यापर्यंत आले, डबा पाहिला आणि म्हणाले, “थांब, हिले विचारतो भाजी...” आणि मग, “खोडलं.” तो शब्द मी जन्मभर विनोद म्हणून ऐकला होता. त्या दिवशी मी डबा उंबऱ्यावरच ठेवून परत आले.

मी रायपूरला एका कचेरीत आकडे स्वच्छ करण्याचं काम करते. रोज स्कूटरवर कुम्हारीवरून जाते, येते, आणि दिवसभर लोकांनी घाण करून पाठवलेले तक्ते निस्तरते. एका रविवारी काका भिंतीशी आले. रिटायर झाल्यानंतरची क्वार्टरची मुदत संपत आली होती, पुढच्या महिन्याअखेर किल्ली द्यायची होती, आणि मुलगा पुण्याला यायचा आग्रह धरून बसला होता. “जातो म्हणलं त्याले. पण जायच्या आधी मले एक पाहिजे. झाडाचा निकाल.” मग खाली पाहत म्हणाले, “बावीस वर्सं ते इचारत होती. मी एक डाव सुदा सरळ उत्तर नाही देल्लं. दवाखान्यात बी इचारलं तिनं, काय निघालं म्हणून. अन् मी काय म्हणलो असन?” मला माहीत होतं ते काय म्हणाले असतील. 

त्यांनी सगळ्या वह्या मोबाईलवरच्या तक्त्यात उतरवल्या होत्या. आठ महिने, एका बोटाने. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं होतं, “यात मराठी आकडे कुठी भेटतात व?” आणि मी कळफलक बदलून दिला होता. वाटलं, मुलाला मराठीत निरोप पाठवायचे असतील. एवढंच लक्षात ठेवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी कोण, आकड्यांतली तज्ज्ञ!

तो तक्ता मी आर नावाच्या, संगणकावर आकडेमोड करणाऱ्या प्रणालीत उघडला. ही प्रणाली फार हुशार आहे आणि तेवढीच संशयी. हजार आकड्यांच्या रकान्यात एक शब्द जरी दिसला तरी ती म्हणते, हा सगळा मजकूर आहे, यात आकडा नाहीच. मग सरासरी नाही, रेघ नाही, काही नाही. काकांच्या तक्त्यात तर सरडे होते, लग्नं होती, भांडणं होती. वर तारखांचा घोळ. काकांनी आपल्या पद्धतीने आधी दिवस मग महिना लिहिलेला. मोबाईलने आपल्या पद्धतीने आधी महिना मग दिवस वाचलेला. बारा तारखेपर्यंतचे दिवस उलटेपालटे झालेले आणि तेराव्या तारखेपासूनचे नुसते मजकूर होऊन पडलेले. नुसते आकडे असलेल्या थोड्या ओळी निवडून पहिला आलेख मी उत्साहाच्या भरात तसाच नेऊन दाखवला. काकांनी चष्मा लावला. “मे महिन्यात दुपारी सव्वीस? भिलाईत? मंग मी कूलरची मोटर दोनदा कावून बदलली?” आणि बोट सरकवत, “डिसेंबरात चव्वेचाळीस! यातलं कोणचं बी प्लांटमधी लिहिलं असतं, तर चार्जशीट भेटली असती मले.”

तारखा दुरुस्त केल्या. मग रकान्याला दटावून सांगितलं की तू आकडाच हो. असं सांगितलं की प्रणाली जे समजतं त्याचा आकडा करते आणि जे समजत नाही तिथे ‘एनए’ अशी दोन अक्षरं ठेवून मोकळी होते. जाताजाता लाल अक्षरांत एक सूचनाही देते की बाई, काही गोष्टींचं एनए झालं आहे, एकदा पाहून घे. मी पाहून घेतलं नाही. म्हटलं, सरडे असतील. लग्नं असतील. एनए झालेल्या ओळी उचलून बाहेर टाकल्या, आणि पुढचा पारा निळा, मागचा तांबडा अशा दोन सुरेख रेघा कागदावर छापून घेतल्या. दुसऱ्यांची घाण निस्तरणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने कचरा कसा करावा, याचा तो नमुना मी जपून ठेवला आहे.

काका वरांड्यात खुर्चीवर बसले होते. निंबाची सावली त्यांच्या पायांशी. कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. सकाळची रेघ पाहिली, रात्रीची पाहिली. दुपारी दोनच्या आलेखावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. त्या आलेखात पहिली बावीस वर्षं आठवड्याला जेमतेम एखादा ठिपका होता, आणि शेवटच्या दोन वर्षांत मात्र ठिपक्यांची दाटी.

“ही जागा कावून खाली आहे?”

“तिथे एनए आहे काका. म्हणजे आकडा नाही.”

“कारण?”

“कारण ती प्रणाली लिहीत नाही. फक्त नाही म्हणते.”

“मंग कामचोर आहे ते,” ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीची चीड नव्हती. बोट ठिपक्यांवरून सरकत होतं. “पोरी, फर्स्ट शिफ्ट असली का मी पाचले घर सोडो, अडीचले येवो. सेकंड असली का दोनले गेटवर. नाईट करून आलो का दुपारी झोपून राहो. तुही काकू उठवे नाही मले.” त्यांनी चष्मा काढला. “दुपारी दोनले बावीस वर्सं मी घरात कधी होतो? सुट्टीच्या दिवशी. बस. हे सारे ठिपके माहे आहेत. तिचे आकडे कुठी गेले?”

मी घरी येऊन रकान्यातला एकच आकडा वेगळा काढला. ४१. प्रणालीला विचारलं, हा आकडा कर. उत्तर आलं, एनए. मराठी आकडे तिला आकडे वाटतच नव्हते. तिच्या लेखी ४१ आणि ‘भाजी करपत होती’ यांत काही फरक नव्हता. काकांनी नियमाप्रमाणे नक्कल जशीच्या तशी केली होती. आपले आकडे इंग्रजीत, बायकोचे मराठीत, एका बोटाने कळफलक बदलत, हजारो वेळा. आणि मी काकूंना उचलून बाहेर टाकलं होतं. ज्या बाईने मला निंबोळ्या वेचायला शिकवलं, जिच्या वरांड्यात मी मराठी बोलायला शिकले (बाहेर सगळी हिंदीच होती, आजही आहे), तिला मी सरड्यांच्या ढिगात घातलं होतं. मला रडू आलं. आईने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, एनए.

दुरुस्ती एका ओळीची होती. दहा मराठी आकड्यांच्या जागी दहा इंग्रजी आकडे ठेव, एवढंच प्रणालीला सांगायचं. पण त्या आधी मी आणखी एक रकाना केला आणि त्याला नाव दिलं ‘कोण’. मराठी आकडा असेल तिथे ‘काकू’, इंग्रजी असेल तिथे ‘काका’. सगळी कारणं, सरड्यांपासून भांडणापर्यंत, ‘शेरा’ नावाच्या वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवली. आता फेकाफेक करायची नाही, असं ठरवूनच बसले होते.

तेवढ्यात एक गोष्ट सापडली. काकांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनच्या दोन-दोन ओळी होत्या: एकीत ३९, दुसरीत 38.3. त्या दिवशी काका आधी काकूंना पारा बघायला लावायचे आणि मग स्वतः बघून पडताळा करायचे. यंत्राची करतात तशी बायकोची तपासणी. मी त्या जोडीच्या ओळींतले आकडे शेजारी शेजारी मांडले. काकू पूर्ण आकडा लिहायच्या हे माहीत होतं. पण पुढच्या वरांड्याचा पारा, म्हणजे झाडाजवळचा, 38.3 असला तरी त्यांनी ३९ लिहिलेलं. आणि मागच्या आंगणातला 41.8 असला तरी ४१. दर वेळी. बावीस वर्षांत एकदाही उलट नाही. पुढचा वर चढवलेला, मागचा खाली उतरवलेला.

मी कागद घेऊन भिंतीवरूनच हाक मारली. काका आले. आधी मी त्यांना काकूंचे आकडे भरलेली दुपारची रेघ दाखवली. पहिली काही वर्षं निळी आणि तांबडी एकमेकींना चिकटून चाललेल्या. मग झाड वरांड्याच्या पत्र्याएवढं झालं असेल तिथून निळी हळूहळू खाली यायला लागलेली. शेवटी दोघींत चांगलं अंतर, दोन डिग्रींच्या वर.

“म्हंजे हारलो मी,” काका म्हणाले.

“हाव काका. हारले तुम्ही.”

असा आनंदाने हरलेला माणूस मी पाहिला नाही. ते उठले, वरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून परत आले. मग आतला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. घसा खाकरून, थोडं ओशाळून त्यांनी विचारलं, “पण तिनं आपल्या बाजूनं तर नसन लिहिलं ना? म्हंजे... झाड तिचं होतं. थोडंबहुत...”

मी दुसरा कागद पुढे केला. जोडीचे आकडे. त्यांनी पहिल्या दहा ओळी वाचल्या, मग वीस, मग मधल्याच काही. हिशोब त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा लवकर झाला. म्हणाले, “आपल्याच विरुद्ध लिहून राहिली होती व ते.”

“हो. खरा फरक यापेक्षाही जास्त असणार.”

“मी संशय घेईन, हे माहीत होतं तिले.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तपासाले गेलो तर कुठीच बोट ठेवता येऊ नये म्हणून. बावीस वर्सं. अन् मी म्हणो डेटा अपुरा आहे.” मग त्यांनी वर झाडाकडे पाहिलं आणि एखाद्या साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं सरळ उभं राहून म्हणाले, “हिचं बरोबर आहे... खोड...” आणि तिथेच थांबले. शब्द पूर्ण केला नाही. “नाही. नाही खोडत. आहे.”

महिनाअखेरीला ट्रक आला. काकांनी वह्या, बुद्धाची तसबीर आणि मागच्या आंगणातला थर्मामीटर सोबत नेला. पुढचा खिळ्यावरच ठेवला. झाडाखालचा आहे, झाडाखालीच राहू दे म्हणाले. किल्ली देण्याच्या कागदावर ‘शेरा असल्यास’ असा रकाना होता, त्यात त्यांनी काय लिहिलं ते वाचायला मी उभी होते, पण त्यांनी हाताने झाकून लिहिलं. आता ते पुण्याला सातव्या मजल्यावर राहतात. रविवारी फोन करतात. तिथे पारा बघण्यात मजा नाही म्हणतात, वाराच फार येतो. मग विचारतात, झाडाला फूल आलं का, आणि मी भिंतीवरून डोकावून सांगते. क्वार्टर अजून बंदच आहे. वरांड्यात निंबाचा पाचोळा साचला आहे. दुपारी दोनला मी घरी असले की मला उगाच वाटतं, आता आतून कुणीतरी विचारेल पॉइंट कुठे गेला. इतकी वर्षं ज्या भांडणाने आमच्या दुपारा भरलेल्या होत्या ते मिटलं, आणि मी मिटवलं, याचं कधीकधी वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात, आम्हा दोघांच्याही मोबाईलवर उघडणारा तो तक्ता मी पुन्हा पाहिला. काकांनी निघण्याच्या दिवशी त्यात एक ओळ घातली होती, ती मला तेव्हा दिसली नव्हती. वेळ दुपारी दोन. पुढे ३८, मागे ४१. मराठी आकडे, आणि पॉइंट नाही. शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पाहणं बंद. कारण: हिचं बरोबर आहे.’ खाली सहीऐवजी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर.

प्रोग्राम चालवला की ‘कोण’च्या रकान्यात ती ओळ काकूंच्या नावावर जाते. त्यांच्या नोंदी मोजल्या की एक जास्त भरते. चूक कुठे आहे ते मला ठाऊक आहे, एका मिनिटाचं काम आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही, आणि कारण त्याच ओळीत लिहिलेलं आहे.